कमानीतली आठवी

जावई नळांचे फोटो काढायचा. नळ, शॉवर, बेसिन, साबण ठेवायच्या जाळ्या, टॉवेल टांगायच्या दांड्या. बाथरूमचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीचा जाडजूड कॅटलॉग होता, तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याच्या हातचा. चांगला शिकलेलासवरलेला माणूस दिवसदिवस नळापुढे ओणवा बसतो, ही गोष्ट सासूबाईंच्या गळी अकरा वर्षांत उतरली नव्हती. जावई काय करतात असं कुणी विचारलं, की त्या "फोटोग्राफीत आहेत" एवढंच म्हणायच्या आणि विषय हवापाण्याकडे वळवायच्या.

नळाचा फोटो काढणं म्हणजे खायचं काम नाही, हे त्यांना कोण सांगणार? चकचकीत नळावर उजेड पडला की तिथे पांढराफटक डाग, आणि तोटीखाली काळाकुट्ट अंधार. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका वेळी एकच झेपतं. म्हणून जावई प्रत्येक नळाचे तीन फोटो काढायचा. एक अंधारा, त्यात चकाकीतले बारकावे येतात. एक मधला. आणि एक भगभगीत, त्यात सावलीतलं सगळं दिसतं. मग कॉम्प्युटरवर तिघांमधलं चांगलं तेवढं उचलून एकच फोटो बनवायचा. याला म्हणतात एचडीआर. अट एकच, तिन्ही फोटो होईपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. नळ हलत नाहीत, हसत नाहीत, "माझी उजवी बाजू घ्या" असंही म्हणत नाहीत. त्यामुळे जावयाचा आणि नळांचा संसार सुखाने चालला होता.

एका गुरुवारी सकाळी सासूबाई स्टुडिओच्या दारात उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. जावयाने घाईघाईने एका कमोडवरचं फडकं उचललं आणि त्यांना बसायला काय द्यावं हे न सुचून ते परत टाकलं.

"जावईबापू, तुम्हाला पाण्याखाली फोटो काढता येतो का?"

"कशाचा?"

"माणसांचा."



प्रकरण असं होतं. सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी रोज सकाळी सहा ते सात जलतरण तलावावर जायच्या. पोहायला म्हणाल तर नाही, पोहणं त्यांना साधारणच यायचं. त्या पाण्याखाली कमान करायच्या. आठजणी हातात हात घालून खाली जायच्या, दोन्ही टोकांच्या दोघी तळाशी बसायच्या, बाकीच्या पायरीपायरीने वर, आणि अगदी माथ्यावर सासूबाई व त्यांची जिवाभावाची मैत्रीण. वीस-पंचवीस सेकंद श्वास धरायचा, मग भुसकन वर यायचं आणि कुणामुळे मोडली यावर काठावर बसून अर्धा तास वाद घालायचा. या एका तासावर त्यांचा उरलेला दिवस चालायचा. सासरे गेल्यानंतरचं पहिलं वर्ष तर सासूबाईंनी त्या तासाच्याच आधाराने काढलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आता तलावाच्या मॅनेजरने नोटीस लावली होती. ठरलेला तास फक्त नोंदणी झालेल्या संघांना मिळेल. संघ किमान आठजणांचा हवा. अर्जासोबत सगळ्या संघाचा पाण्याखालचा, आपली कसरत करतानाचा फोटो हवा, आणि त्यात प्रत्येकाचा चेहरा ओळखू आला पाहिजे. मुदत शनिवार दुपारपर्यंत. नाहीतर सहाचा तास वॉटर पोलोवाल्यांना.

"मोबाइल पिशवीत घालून काढून बघितला आम्ही," सासूबाईंनी फोटो पुढे केला. तलावाच्या छताला काच होती. वरून ऊन थेट पाण्यात उतरत होतं, त्यामुळे कमानीच्या माथ्यावरच्या बायकांच्या जागी नुसते पेटलेले बल्ब दिसत होते, आणि तळाशी बसलेल्या दोघींचा पार कोळसा झाला होता. त्यातली एक दातांची डॉक्टर होती, तिचे दात तेवढे दिसत होते.

जावयाने फोटो बघितला आणि स्वतःच्याही नकळत तो पुढे सरसावला. हा तर सरळ सरळ नळच होता. वर चकाकी, खाली अंधार.

"होईल," तो म्हणाला. "पण यात पाचच बल्ब… म्हणजे सगळ्या मिळून सातच दिसतायत. आठवी?"

"आठवीचं बघू," सासूबाई म्हणाल्या आणि हवापाण्यावर आल्या.

आठवीचं काय झालं ते बायकोने घरी सांगितलं. आठवी म्हणजे घड्याळमावशी. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, शिडशिडीत, गळ्यात कायम स्टॉपवॉच. माथ्यावर सासूबाईंच्या डाव्या हाताला त्याच असायच्या. चार महिन्यांपूर्वी कमान सारखी मोडत होती, तेव्हा मावशी काठावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्यामुळे मोडते. ही बाई फारच हलकी आहे."

आता हा शब्द कुठे धरायचा हे ज्याच्या त्याच्या हातात असतं. सासूबाई अंगाने गोल आणि पाण्यात तेलाच्या थेंबासारख्या वर यायच्या, हे खरं. पण त्यांनी तो शब्द पाण्यात धरला नाही, चारचौघांत धरला. जिने जन्मात कुणाचं उणंदुणं काढलं नाही की कुणाची चहाडी केली नाही, ती हलकी! त्यांनी ओल्या अंगाने उलट उत्तर दिलं, "तुझ्या घड्याळाला काटे आहेत तेवढे पुरेत गं, जिभेला आणखी कशाला लावलेस?" झालं. मावशींनी टॉवेल उचलला तो उचललाच.

"मग आठवी कुठून आणणार?" जावयाने विचारलं.

"आईला विचार," बायको म्हणाली. म्हणजे विचारू नकोस.

शुक्रवारी सकाळी जावई कॅमेरा एका जुन्या, पाणी न शिरणाऱ्या पेटीत बंद करून तलावावर पोहोचला. पेटी मागून आणलेली होती. तिच्या बाहेरून फक्त फोटोचं बटण आणि एक चाक एवढंच फिरवता यायचं. म्हणजे बटण दाबा, चाक फिरवा, बटण दाबा, चाक फिरवा, बटण दाबा. तीन फोटोंना सात सेकंद. नळासमोर त्याला सात मिनिटंही लागायची आणि नळाची कधी तक्रार नव्हती, म्हणून त्याला यात काही गैर वाटलं नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून त्याने प्लॅस्टिकच्या फळीवर ठळक अक्षरांत "हलू नका" लिहून आणलं होतं. पण चेहरे दिसायला हवेत म्हणून बायकांनी पोहण्याचे चष्मे काढून ठेवले होते, आणि चष्म्याशिवाय पाण्याखाली सगळं धूसर दिसतं. जावयाने फळी उंच धरली. सातहीजणींना वाटलं तो हात हलवून नमस्कार करतोय. सातहीजणींनी हात हलवले.

दुसऱ्या खेपेला सासूबाई कमानीतून सुटल्या आणि हळूच छताकडे निघाल्या. तिसऱ्या खेपेलाही. जावयाने डोकं वर काढलं, गाडीकडे धावला आणि डिकीतून पट्ट्यासकट पितळी नळांचे चार नमुने घेऊन आला.

"हे कमरेला बांधा, आई."

सासूबाईंनी नळांकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. मागे सहा बायका तोंडावर टॉवेल धरून उभ्या होत्या.

"कुठल्या बाजूने बांधायचे?" त्यांनी शांतपणे विचारलं. जावयाच्या धंद्याबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

नळ बांधून सासूबाई मोठ्या रुबाबात बुडाल्या. जावयाने मग सहा वेळा तीन-तीन फोटो घेतले. शेवटी त्यालाच धाप लागली आणि दातांच्या डॉक्टरने त्याला बखोट धरून वर काढलं.

दुपारी त्याने फोटो कॉम्प्युटरवर चढवले. प्रोग्रामने तीन फोटो एकमेकांत मिसळले आणि चित्र उमटलं तेव्हा जावयाने स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. माथ्यावरचं ऊन सोनेरी, सोसवेल इतकंच. तळाशी फरशीची रेघ न् रेघ. दातांच्या डॉक्टरला दातांशिवाय नाक-डोळेही होते. मग त्याने डोकी मोजली. आठ भरली.

परत मोजली. आठच.

माथ्यावर एक सासूबाई होत्या. आणि त्यांच्या शेजारी, मावशींच्या रिकाम्या जागेत, आणखी एक सासूबाई होत्या. पहिल्या सरळ समोर बघत होत्या, दुसऱ्या जराशा तिरक्या आणि किंचित विरळ, इतक्या की त्यांच्या खांद्यातून पलीकडची शिडी दिसत होती. एचडीआर करताना समोरचा हलला की असं होतं. धंद्यात याला भूत म्हणतात. नळाचं भूत जावयाने आजवर बघितलं नव्हतं. पहिलंच बघितलं ते थेट सासूचं.

त्याने दुसरे तीन फोटो मिसळले. तिथेही दोन सासूबाई. तिसरे, चौथे, तेच. मग त्याने मिसळणं सोडून एकेक फोटो सुटा उघडला. पहिल्यात सासूबाई आपल्या जागी. दुसऱ्यात त्यांचा डावा हात रिकाम्या जागेकडे गेलेला, बोटं अर्धी मिटलेली, कुणाचा तरी पंजा धरल्यासारखी. तिसऱ्यात चार पितळी नळांसकट सगळ्या सासूबाईच तिकडे सरकलेल्या. सहाच्या सहाही खेपांना असंच. बाकीच्या सहाजणी तसूभर हलल्या नव्हत्या.

जावई बराच वेळ ते तीन फोटो पुढेमागे करत बसला. मग त्याने मिसळलेला फोटो बायकोला पाठवला आणि खाली लिहिलं, "आईंचं भूत आलंय. उद्या सकाळी पुन्हा काढू."

बायको शहाणी. तिने भुताचं वाक्य वगळून नुसता फोटो आईला पाठवला. आणि सासूबाई तिच्याहून शहाण्या. तासाभराने त्यांचा फोन आला.

"जावईबापू, कमाल केलीत तुम्ही! आठ भरवल्यात! देऊन आले मी अर्ज."

"अहो आई, ती दुसरी तुम्हीच आहात!"

"ते कळतंय मला. नाक आमच्याच घराण्याचं आहे. जुळी बहीण म्हणून लिहिलंय मी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाचं कौतुक केलं होतं, आणि ते नेमकं त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट फोटोबद्दल होतं. बिचाऱ्याला धड आनंदही होईना.

शनिवारी मॅनेजरचा निरोप आला. फोटो छान आहे, पण दोन सभासद फारच सारख्या दिसतात, आणि त्यातल्या एकीच्या आरपार दिसतं. तरी सोमवारी सकाळी सहा वाजता आठहीजणींनी समक्ष हजर राहावं. तो स्वतः पाण्यात बघून मोजेल. सात निघाल्या तर तास गेला, पुन्हा अर्ज नाही.

आता सासूबाईंचं धाबं दणाणलं. जुळी बहीण जन्माला घालायचं वय त्यांच्या आईचं कधीच उलटून गेलं होतं, आई तर या जगातही नव्हती. जावई संध्याकाळी त्यांच्याकडे गेला आणि त्याने तीन सुटे फोटो टेबलावर ओळीने मांडले. आपल्या जागी, नुसता हात, आणि सगळ्याच.

"हे बघा आई. प्रत्येक वेळी तुम्ही मावशींच्या जागेकडे जाताय."

सासूबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसला. "पाण्याला ओढ असते, जावईबापू. माणूस वाहतो."

"तलावाच्या पाण्याला ओढ नसते, आई."

 सासूबाईंनी उठून गरज नसताना खिडकीचा पडदा सारखा केला. "मी नाही बोलावणार तिला," त्या पडद्याला म्हणाल्या. "हलक्या माणसाने कशाला बोलवावं?"

रविवारी सकाळी जावई तेच तीन फोटो घेऊन घड्याळमावशींच्या दारात. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला होता आणि मावशी हातात स्टॉपवॉच घेऊन शिट्ट्यांची वेळ मोजत होत्या. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, फोटो ओट्यावर ठेवून घेतले आणि एकेक डोळ्यांजवळ नेला. तिसऱ्या फोटोशी त्या थबकल्या.

"हिच्या कमरेला काय आहे हे?"

"नळ."

"नळ!" मावशी कडाडल्या. "अहो, हिला नळ कशाला लागतो? अकरा वर्षं मी धरून ठेवायचे तिला! माझा हात होता म्हणून ती खाली राहायची. नुसती सोडली की निघाली वर. पाण्यात हलकी आहे ती, म्हणून हलकी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? जड म्हटलं असतं तर जिवंत सोडलं असतं का तिने मला?"

"मग हे एवढंच त्यांना सांगा ना, मावशी."

"मी का सांगू? माझ्या जिभेला काटे आहेत ना!" कुकरने शिट्टी दिली. मावशींनी वेळ बघायला घड्याळ उचललं, पण बटण दाबायचं विसरल्या. "चार महिन्यांत एक फोन केला नाही तिने. बोलवू दे, येईन."

"त्या नाही बोलवणार."

"मग मीही नाही येणार. भात खाऊन जा."

जावई भात खाऊन गेला. दोन्हीकडे डोकं आपटून झालं होतं. घरी बायकोने त्याला कपाळाला लावायला मलम दिला नाही, उलट कॅमेऱ्याचं पुस्तक चाळून विचारलं, "यात तीनही फोटो एका दमात आपोआप काढायची सोय आहे. पेटीत ठेवायच्या आधी तेवढं लावून का नाही ठेवलंस? एका सेकंदात काम झालं असतं."

जावयाने पुस्तक तिच्या हातून घेऊन मिटलं. "नळांना कधी घाई नव्हती," तो म्हणाला.

सोमवारी सहाला पाच कमी असताना सातजणी काठावर रांगेत उभ्या होत्या. कॅमेरा पेटीत घालून जावई एका बाजूला. मॅनेजर गळ्यात शिट्टी आणि बगलेत फळीला लावलेला अर्ज घेऊन आला. चांगला माणूस होता, पण नियमाला धरून. त्याच्या मागे वॉटर पोलोचे प्रशिक्षक चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून आधीच येऊन थांबले होते.

"सात," मॅनेजर म्हणाला. "बहीण कुठे आहे?"

सहाजणी एकदम बोलायला लागल्या. एकीच्या म्हणण्याप्रमाणे बहीण आजारी होती, दुसरीच्या म्हणण्याप्रमाणे गावाला गेली होती, आणि दातांच्या डॉक्टरने ऐन वेळी तिची दाढ काढली. सासूबाईंनी हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या.

"बहीण नाही मला," त्या अर्जाला लावलेल्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "ही मी आहे, आणि ही पण मीच आहे. मी हलले म्हणून दोनदा उमटले. खोटं लिहिलं, चुकलं माझं. पण या सहाजणींचा यात काही दोष नाही. त्यांना तास द्या, मी येत नाही उद्यापासून."

 जावयाला अगदी मनापासून वाईट वाटलं. ही बाई त्याला अकरा वर्षं नळवाला समजत आली होती, तरी वाटलं.

"तुम्ही गेलात तर सहाच उरतात हो," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

"थांबा! ती मी आहे!"

शॉवरच्या खोलीतून घड्याळमावशी आल्या. पोहण्याचा पोशाख, टोपी, गळ्यात घड्याळ, अंगावरून पाणी निथळतंय. तरातरा चालत येऊन त्यांनी मॅनेजरच्या हातातल्या फोटोवर बोट ठेवलं. "ही विरळ दिसतेय ना, ती मी. घ्या लिहून."

मॅनेजरने फोटोकडे बघितलं, मग साडेपाच फूट उंचीच्या त्या काटकुळ्या बाईकडे बघितलं. तो काही बोलणार, एवढ्यात सासूबाई उसळल्या.

"काहीतरीच काय! ते नाक माझं आहे!"

"तुझं कसलं नाक? पाण्यात सगळ्यांची नाकं सारखीच दिसतात!"

"माझ्या वडलांचं नाक आहे ते! तुझं असतं तर फोटोच्या बाहेर गेलं असतं!"

"अगं बाई, तुझा तास वाचवायला आलेय मी!"

"मग वाचव ना! नाक कशाला घेतेस?"

चार महिन्यांनी दोघी बोलत होत्या, आणि अशा. वॉटर पोलोच्या प्रशिक्षकांनी जाळी खाली ठेवली आणि ते नीट बघायला लागले. मॅनेजरने जोरात शिट्टी फुंकली.

"फोटो गेला खड्ड्यात," तो म्हणाला. "आठजणी आहात की नाही? मग उतरा पाण्यात. कमान करून दाखवा. मी वरून मोजतो."

आठजणी उतरल्या. नळ बांधायचं कुणाला आठवलंही नाही. मॅनेजर काठावर पालथा पडला, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा लावून त्याने डोकं पाण्यात घातलं, आणि त्याचे पाय जमिनीवर राहावेत म्हणून प्रशिक्षकांनी ते धरून ठेवले. जावई पेटी कवटाळून तळाशी बसला. समोर बायका एकेक करून जागेवर आल्या. तळाच्या दोघी बसल्या, बाजूच्या चौघी चढल्या, आणि माथ्यावर, थेट उन्हाखाली, एक गोल आणि एक लांब अशा दोघी आल्या. गोल बाई वर निघाल्या. लांब हाताने त्यांना मनगटाशी धरलं आणि खाली आणलं. कमान पूर्ण झाली. जावयाने बटण दाबलं. खट, खट, खट. एका दमात तिन्ही.

वर आल्यावर मावशींनी घड्याळ बघितलं. "एकवीस सेकंद. पूर्वी सव्वीस व्हायची. चार महिने नुसत्या लोळलात सगळ्या." यावर सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पाणी नाकात गेलं असेल असं सगळ्यांना वाटलं.

मॅनेजरने ओल्या बोटांनी अर्जावर आठ लिहिलं, जुळ्या बहिणीवर काट मारली आणि सही केली. "सहा ते सात तुमचा. पण अर्जाला नवा फोटो लावून द्या, आरपार न दिसणारा."

दुपारी स्टुडिओत जावयाने तिन्ही फोटो मिसळले. आठ डोकी, आठ नाकं, ज्याची त्याची. कुणी हललं नव्हतं. फक्त एका ठिकाणी भूत होतं, बोटभर. सासूबाईंचं तोंड. ओठांच्या जागी नुसतं विस्कटलेलं काहीतरी.

जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको वाकून बघायला लागली. "आई बोलत होती पाण्याखाली?"

त्याने तीन फोटो सुटे उघडले. पहिल्यात ओठ उघडलेले, "मा" म्हणताना उघडतात तसे. दुसऱ्यात ओठ एकमेकांना टेकलेले. तिसऱ्यात परत तोंड उघडं, जीभ वर.

"मागे सर म्हणतेय," बायको लगेच म्हणाली. "जन्मभर तेच ऐकत आलेय मी."

"मागे सर म्हणताना मध्ये ओठ टेकतात का? म्हणून बघ."

दोघं नमुन्याच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली आणि खूप वेळ वेगवेगळे शब्द म्हणून बघत राहिली. मागे सर. मागे सर. मागे सर. ओठ काही टेकेनात. मग जावयाने आणखी एक जोडी म्हणून बघितली. मा, फ, कर. आरशातले त्याचे ओठ मध्येच एकमेकांना टेकले. बायकोने पण तेच म्हणून बघितलं आणि ती आरशासमोरून बाजूला झाली.

"आई कधी कुणाला असं म्हणाली नाही," ती म्हणाली. "बाबांनाही नाही."

पाचच्या सुमारास सासूबाई आल्या, फोटो बघायला. या वेळी त्या स्वतःहूनच फडकं बाजूला करून कमोडवर बसल्या. फोटो त्यांना पसंत पडला, सगळ्यांचे चेहरे नावानिशी ओळखून झाले, मावशींचं नाक खरंच फोटोत मावल्याचंही त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. मग त्या पुढे वाकल्या.

"माझं तोंड असं का झालंय?"

जावयाने मिसळलेला फोटो मिटवला आणि तिन्ही सुटे फोटो एकामागून एक पडद्यावर आणले.  बायको डबा विसळायला म्हणून मोरीकडे गेली.

सासूबाईंनी ते तिन्ही फोटो दोनदा बघितले. "तिने ऐकलं असेल का हो?"

"पाण्याखाली नुसते बुडबुडे ऐकू येतात, आई."

"आणि ती तर मेली घड्याळाकडे बघत होती." त्या मांडीवरची पर्स उघडून मिटत राहिल्या. "म्हणून तर तिथे म्हटलं. वर आल्यावर म्हणायचं होतं, नाही जमलं. वर आलं की माझ्या तोंडून दुसरंच निघतं."

"मग या फोटोचं काय करू? मधलं मिटलेलं तोंड तेवढं घेतो. कुणाला काही कळणार नाही."

"अर्जाला तसंच लावा," सासूबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. "पण तिला वेगळे पाठवा. तिन्ही. एकत्र करू नका."

जावयाने फोन काढला आणि मावशींचा नंबर शोधायला लागला.

"आणि जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "क्रमाने पाठवा हो."